मनगटाचं फ्रॅक्चर जुळलं, कोपर पूर्ण वाकतंय, पण तळहात उताणा होत नाही - मदत हवी आहे

आईचं उजवं मनगट मोडलं होतं, म्हणजे रेडियस हाडाचं मनगटाकडचं टोक. आता प्लास्टर निघालंय, एक्स-रेत हाड जुळलेलं आहे. बोटं छान हलतात, मूठ वळते, कोपर पूर्ण वाकतं आणि सरळही होतं. पण तळहात वर करायला गेली की अर्ध्यातच अडकतो. ओंजळ धरता येत नाही, तोंडावर पाणी मारायचं तर सगळं कडेने सांडतं, सुटे पैसे घ्यायला डावा हात पुढे करते. पालथा मात्र बऱ्यापैकी होतो.

मला मुळातच कळत नाहीये की हात फिरतो कुठून? कोपर बिजागरीचा सांधा म्हणून शिकलो, तो फक्त वाकणार आणि सरळ होणार. मनगटातून म्हणावं तर मी माझं मनगट पट्टा लावून ताठ ठेवलं तरी तळहात आरामात उलटसुलट होतो. मग आईचं नक्की काय अडकलंय? मावशी म्हणतेय कोपर जोरात चोळून ओढून मोकळं करू, आणि मला त्याचीच भीती वाटतेय. माहीतगारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १
मी फिजिओ आहे. आधी मावशींना थांबवा. कोपर हा फार रागीट सांधा आहे, दुखापतीनंतर त्याला जोरात चोळलं-ओढलं तर आजूबाजूच्या स्नायूत नवीन हाड तयार होऊ शकतं आणि चांगलं चाललेलं कोपर कायमचं आखडतं. आणि तुमच्या आईंचं कोपर तर पूर्ण वाकतंय, मग त्याला हात लावायचाच कशाला!

आता हात कुठून फिरतो ते. कोपराच्या एकाच पिशवीत (सांध्याभोवतीच्या आवरणात) तीन सांधे असतात. दंडाचं हाड आणि अल्ना (कोपर ते मनगट या भागातलं करंगळीकडचं हाड, रेडियस अंगठ्याकडचं) मिळून बिजागरी होते, साधारण १४० ते १५० अंश वाकणारी. दंडाचं हाड आणि रेडियस हा दुसरा. तिसरा म्हणजे रेडियसचं गोल डोकं आणि अल्ना यांचा, तिथे एक लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा चिवट पट्टा, त्या डोक्याभोवती कडं घालून असतं आणि डोकं त्या कड्यात जागच्या जागी फिरतं. तळहात उताणा असताना दोन्ही हाडं शेजारी समांतर असतात, पालथा केला की रेडियस अल्नावरून आडवी जाते. रेडियसला बाक असतो म्हणूनच ती अल्नाला न अडखळता वळसा घालू शकते, बादलीची कडी फिरते ना तसं. अल्ना जवळपास जागेवरच राहते.

आणि हीच जोडी खाली मनगटाजवळ परत भेटते. तिथे रेडियसची खाच अल्नाच्या डोक्याभोवती सरकते, तळहाताची हाडं त्यात नाहीत, म्हणून पट्टा लावला तरी तुमचा हात फिरला. वरचा आणि खालचा सांधा एकाच आसावर चालतात, एक अडकला की दुसराही थांबतो. आईंचं फ्रॅक्चर त्या खालच्या सांध्याच्या अगदी शेजारी. वाकवण्यात तो सांधा लागतच नाही म्हणून कोपर मोकळं आणि फिरणं बंद.

धागाकर्ती
खूप आभार, आता चित्र डोळ्यासमोर आलं. पण मग उताणाच का अडतो, पालथा का नाही? आणि किती फिरलं की पुरे?

प्रतिसाद १
खालच्या सांध्याच्या पिशवीचा तळहाताकडचा भाग आखडला की उताणं करणं अडतं, मागचा आखडला की पालथं. शिवाय पालथं करताना माणूस नकळत कोपर अंगापासून लांब नेतो आणि खांद्यातून उरलेलं भरून काढतो, उताण्याला तेवढी मदत मिळत नाही. म्हणून मोजताना कोपर ९० अंशात वाकवून कुशीला चिकटवायचं, मुठीत पेन्सिल उभी धरायची आणि दुसऱ्या हाताशी तुलना करायची. रोजच्या बहुतेक कामांना दोन्हीकडे ५० अंश पुरतात.

व्यायामही त्याच स्थितीत. डाव्या हाताने मनगटाच्या *वर*, म्हणजे कोपराच्या बाजूला, धरून हळूहळू फिरवायचं, पंजा धरून पिळायचं नाही, त्याने सगळा ताण मनगटावर जातो. स्वतःच्या ताकदीनेही करू दे, कोपर वाकलेलं असताना दंडातली बेटकुळी तळहात उताणा करायला सगळ्यात जास्त जोर लावते.

प्रतिसाद २
यात एक भर. हाड जुळलं हे ठीकच, पण *कसं* जुळलं ते सर्जनना विचारा. रेडियस आखूड होऊन किंवा मागे कलून जुळली असेल तर ती खाच अल्नावर नीट बसत नाही, मग कितीही व्यायाम केला तरी एका ठिकाणी ठक्क करून थांबतं. आखडलेलं असेल तर शेवटाला रबरासारखं ताणल्यासारखं लागतं आणि ते हळूहळू सुटतं. अंगठा आणि शेजारच्या बोटांना मुंग्या येत असतील, किंवा अंगठा अचानक वर उचलेनासा झाला, तर वाट न बघता दाखवा.

धागाकर्ती
मुंग्या नाहीत, अंगठा उचलते. तुम्ही सांगितलं तसं बघितलं, शेवटाला ताणच लागतोय, ठक्क नाही. तरी अपॉइंटमेंट घेतलीये, दोन्ही मनगटांचा एक्स-रे शेजारी ठेवून अल्नाची लांबी दाखवा असंच विचारते. मावशीला वरचा पहिला प्रतिसाद वाचून दाखवला.