वादळानंतर लाईन आली, पण कुठं बल्ब झगझगीत, कुठं मिणमिणता. डीपीत, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, काय झालं असेल?

वावर_दारव्हा
यवतमाळ जिल्हा, दारव्हा तालुका. वादळात गावठाणाची लाईन गेली आणि पहाटे आली. तेव्हापासून देवळाकडच्या घरांत पंखे जोरात फिरताहेत, दोन टीव्ही आणि एक सेटटॉप बॉक्स जळाला. नाल्याकडच्या घरांत बल्ब मिणमिणता आहे, फ्रिज उचलत नाही. मल्टिमीटरवर एका घरी ३१० व्होल्ट, दुसऱ्या घरी १४५. वावरातली ५ एचपीची मोटारही नुसती घुमते, फिरत नाही. दोन्हीचं कारण एकच का? लाईनमन येईस्तोवर काय करायचं?

लघुदाब
भाऊ, आधी गावात सांगा: प्रत्येकानं मेन स्विच पाडायचा. एमसीबीच्या भरवशावर राहू नका, ती जास्त करंटला पडते, जास्त व्होल्टेजला नाही.

गावठाणाचा न्यूट्रल, म्हणजे करंटची परतीची सामाईक तार, तुटला आहे. डीपीतून तीन फेज, म्हणजे जिवंत तारा, आणि एक न्यूट्रल निघतो. दोन फेजांमध्ये ४१५ व्होल्ट असतात, फेज आणि न्यूट्रलमध्ये २४०. न्यूट्रल सुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं ४१५च्या आत एकमेकांना सिरीजमध्ये जोडली जातात. ज्या फेजवर लोड जास्त तिथं व्होल्टेज पडतं, जिथं कमी तिथं चढतं. तुमचे ३१० आणि १४५ याच हिशोबात बसतात. तिसऱ्या फेजवर मोजलं तर २९०च्या आसपास मिळेल. म्हणूनच ज्या फेजवर बल्ब-टीव्हीएवढंच हलकं लोड चालू, त्याच फेजवरचे टीव्ही आधी जातात.

वादळातच हे का होतं? तारा झोके घेतात आणि न्यूट्रलचा जंपर (जोडतार) नुसता पीळ देऊन बांधलेला असेल तर ढिला होतो. तिथं पीजी क्लॅम्प (दोन तारा बोल्टनं घट्ट धरणारी पकड) लागतो. डीपीच्या बुशिंगवरचा न्यूट्रलचा नटही पाहायला सांगा.

१९१२ वर तक्रार देताना ‘लाईट नाही’ एवढंच सांगू नका. ‘न्यूट्रल तुटला, एका फेजवर ३१० व्होल्ट’ असं सांगा आणि १२ आकडी ग्राहक क्रमांक द्या. मग येणारा माणूस फ्यूज घेऊन नाही, क्लॅम्प घेऊन येतो. डीपी स्वतः उघडू नका.

मोटार_वायंडर
मोटारीचं दुखणं वेगळं आहे. वावराची लाईन शेती फीडरवर, म्हणजे सबस्टेशनवरून शेतीसाठी येणाऱ्या वेगळ्या लाईनवर, असेल तर गावठाणाच्या न्यूट्रलशी तिचा संबंध नाही. थ्री फेज मोटारीला न्यूट्रल लागतच नाही. घुमते म्हणजे एक फेज गेला. पुन्हापुन्हा बटन दाबू नका, अशा वेळी ती नेमप्लेटच्या कितीतरी पट करंट ओढते आणि काही मिनिटांत वायंडिंग जळतं.

मोटार बंद ठेवून स्टार्टरच्या येणाऱ्या बाजूला तिन्ही फेज न्यूट्रलशी मोजा. न्यूट्रल आला नसेल तर अर्थिंगशी मोजा, अंदाज येतो. दोन फेज पूर्ण आणि एक शून्य असेल तर डीपीतला फ्यूज गेला. एक पूर्ण आणि दोन साधारण निम्मे, म्हणजे १२०च्या आसपास, असतील तर ११ केव्हीकडचा डीओ (डीपीला येणाऱ्या हाय व्होल्टेज लाईनचा फ्यूज) उडाला. लाईनमनला हे आकडे फोनवरच सांगा, त्याची एक चक्कर वाचते.

स्टार्टरचा ऑटो स्विच (लाईन आली की मोटार आपोआप चालू करणारा) पावसाळ्यात बंदच ठेवा. लाईन दोन फेजवर आली तर ऑटो मोटारीला रात्रभर मारत राहतो. सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटार बंद करणारा) बसवा आणि ओव्हरलोड रिले (जास्त करंटला मोटार तोडणारा) नेमप्लेटच्या करंटवर लावा. अनेक ठिकाणी तो शेवटच्या आकड्यावर फिरवलेला असतो, मग असून नसल्यासारखाच.

अजून एक. तारा जोडताना फेज अदलाबदल झाले तर मोटार उलटी फिरते. आवाज ठीक, पण पाणी कमी. लाईन बंद करून स्टार्टरच्या कोणत्याही दोन वायरी बदला.

वावर_दारव्हा
मेन पाडले सगळ्यांनी. काही जण म्हणतात, तोवर घरच्या अर्थिंगलाच न्यूट्रल जोडू. चालेल का?

लघुदाब
अजिबात नाही. हात जोडून सांगतो, कोणालाही करू देऊ नका. तसं केलं की घराचा सगळा करंट त्या अर्थच्या तारेतून जातो. आपली काळी माती उन्हात भेगाळते, अर्थिंगच्या पाइपाला सोडून देते, आणि मग तार, कुलरचा पत्रा, गोठ्याचा खांब सगळ्यात करंट उतरतो. माणूस चप्पल घालून वाचेल, म्हैस वाचत नाही. तिचे पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, त्यामुळे ओल्या जमिनीतून तिला जास्त झटका बसतो. तुटलेल्या तारेपासून आणि खांबाच्या ताणाच्या तारेपासूनही ढोरं लांब बांधा. तार मेलेली दिसली तरी सबस्टेशनवरून फीडर पुन्हा चार्ज करून पाहतात.

पुढच्या वेळेसाठी: मेन डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) घ्या, त्याला ३० मिलीअँपची आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की पडणारा स्विच) आणि जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारा प्रोटेक्टर जोडा. वरची मर्यादा २७०, परत जोडायला किमान ३ मिनिटं, नाहीतर फ्रिजचा कॉम्प्रेसर अडकतो. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरा, एप्रिल-मेमध्ये आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता.

इन्व्हर्टरवाला_अकोट
इन्व्हर्टरला मागे मोड बदलायचं बटन असेल तर ते यूपीएसवर ठेवा. त्या मोडमध्ये व्होल्टेज फार चढलं की तो लवकर बॅटरीवर जातो. १५० एएचच्या १२ व्होल्ट बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, हाती साधारण १२५० धरा. दोन पंखे आणि तीन एलईडी, म्हणजे १८० वॅटच्या आसपास, सहा-सात तास चालतात. कुलर लावला की निम्मेच. आणि जनरेटर लावणार असाल तर चेंजओव्हर स्विचशिवाय (लाईन किंवा जनरेटर, एका वेळी एकच जोडणारा) बोर्डात घालू नका. बंद समजून खांबावर चढलेल्या लाईनमनपर्यंत तो करंट पोचतो.