प्रतिसाद: चार्जरची पेटी बंद करू नका

कॅम्पर व्हॅनमध्ये, म्हणजे झोपायची सोय असलेल्या गाडीत, रात्री बॅटरी-चार्जरच्या पंख्याचा आवाज येतो म्हणून चार्जर पलंगाखालच्या पेटीत ठेवून आतून फोम लावायचा, हा चर्चेत कुणीतरी सुचवलेला उपाय भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात तरी करू नका. इथे पारा ४५ च्या आसपास जातो, आणि उन्हात उभ्या गाडीत त्याहून वर.

हिशोब बघा. ३० अँपिअरचा चार्जर १४ व्होल्टवर ४२० वॅट देतो. कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर ४५ वॅटच्या आसपास नुसती उष्णता होते. म्हणजे जुना पिवळा बल्ब पेटीत सतत पेटलेला. फोम ती अडवून धरतो, चार्जर तापतो, आपोआप करंट कमी करतो आणि पंखा मात्र थांबत नाही.

पेटी ठेवायचीच असेल तर खाली एक आणि वर एक जाळी द्या. चार्जरच्या अंगावरच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्या उभ्या राहतील असाच तो बसवा, गरम हवा आपसूक वर निघते. बॅटरी त्याच्या डोक्यावर नको. छोटा पंखा जोरात फिरून किणकिणतो; त्याऐवजी जाळीवर १२० मिलिमीटरचा पंखा कमी वेगाने लावा, हवा तेवढीच येते.

बराचसा आवाज तर पेटीचं प्लायवूड थरथरल्याचा असतो. स्क्रूखाली रबराचे वॉशर टाकले की फरक लगेच कळतो.

आपल्याकडची काळ्या मातीची धूळ पात्यांत घट्ट बसते, तिला ब्रशने काढत राहा. आणि शोअर पॉवरवर, म्हणजे गाडी बाहेरच्या विजेला जोडून उभे असाल तर झोपताना करंट निम्म्यावर आणा. सकाळपर्यंत बॅटरी बहुतेकदा भरते, घाई कशाला?