कुंडीला पाणी कधी आणि किती? आपापले अनुभव सांगा

पावसाळा तोंडावर आला की नर्सऱ्यांत झुंबड उडते आणि दिवाळीपर्यंत निम्म्या कुंड्यांत नुसती माती उरते. नवख्यांची तक्रार ठरलेली: "रोज पाणी घालते हो, तरी गेलं." तरी नाही, बरेचदा म्हणूनच गेलेलं असतं. खतं आणि फवारण्या सध्या बाजूला ठेवू, फक्त पाण्यावर बोला. गाव, ऊन कुठल्या बाजूचं आणि कुंडी कसली तेवढं लिहा. नागपूरचा मे आणि रत्नागिरीचा जुलै एका नियमात बसत नाहीत.

ठाणे, पूर्वेची बाल्कनी
माझ्याकडे पाण्याचं वेळापत्रक नाही. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसायची. आत ओल लागली तर झारी परत जागेवर. कोरडं लागलं तर खालच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत घालायचं. रोज पेलाभर शिंपडलं की वरची माती काळी दिसते, आपल्याला समाधान मिळतं आणि खाली मुळं कोरडीच राहतात.

नर्सरीतल्या काळ्या पिशवीत चिकट लाल मातीचा गोळा असतो. तो एकदा वाळला की पाणी आत मुरतच नाही, कडेकडेने खाली निघून जातं. लगेच पाणी बाहेर आलं म्हणजे झाड प्यायलं असं समजू नका. अशी कुंडी बादलीत पाणी घेऊन त्यात ठेवायची आणि बुडबुडे यायचे थांबले की काढून निथळू द्यायची. मोठ्या कुंडीत हलवताना माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि शेणखत किंवा गांडूळखत सारखं घ्या, वर मूठभर नीमपेंड. कोकोपीटची वीट भिजवल्यावर पहिलं पाणी ओतून द्या, त्यात क्षार असतात.

नागपूर, गच्ची
ठाणेकर, बोटाचा नियम आमच्याकडेही चालतो, फक्त मे महिन्यात बोट रोजच कोरडं निघतं! पारा 45 च्या आसपास असतो. पाणी सकाळी सातच्या आत. छोट्या कुंड्यांना संध्याकाळी पुन्हा. दुपारी नळी लावू नये. उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी हातावर घेऊन बघा, चटका बसतो.

दुपारी पानं लोंबलेली दिसली की नवखा माणूस पाणी घेऊन धावतो. जरा थांबा. ऊन उतरल्यावर पानं आपोआप ताठ झाली तर मुळाशी ओल आहे. सकाळीही लोंबलेलीच असतील तर मात्र एकतर पाणी कमी पडतंय किंवा मुळं सडलीत. तेव्हा पुन्हा बोट.

वर 50 टक्के सावलीची हिरवी नेट, मातीवर वाळक्या पानांचा चार बोटं थर, कुंडीखाली विटा. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला बाहेरून गोणपाट गुंडाळलं तर मुळं भाजत नाहीत. आणि एप्रिल-मेमध्ये टोमॅटोचा हट्ट धरू नये, त्या उकाड्यात फुलं गळतात. भेंडी, गवार लावा.

पुणे, तिसरा मजला
आमचा प्रश्न तुळशीचा. घरात आंघोळ झाली की प्रत्येक जण श्रद्धेने तिच्यात तांब्या ओततो. डिसेंबर-जानेवारीत थंडीने ती आधीच मलूल, त्यात पायाशी चिखल. सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा मातीत निम्मी जाडसर वाळू मिसळली, कुंडी सकाळच्या उन्हात सरकवली आणि तांब्याच्या जागी पंचपात्री ठेवली. पुण्य तेवढंच! मंजिऱ्या दिसल्या की खुडायच्या, नाहीतर झाड बी धरण्यातच दमतं.

डोंबिवली
हॉलमध्ये थेट ऊन अजिबात येत नाही. झेड झेड आणि स्नेक प्लांट ठेवलेत. यांना किती पाणी? आणि हवा खरंच शुद्ध होते का?

मुंबई, दादर
ताई, दोघांच्याही खाली जाड कंद असतात, पाण्याचा साठा तिथे. माती तळापर्यंत वाळू द्या, मग घाला. पावसाळ्यात तर महिनाभर विसरलात तरी चालेल.

हवेचं म्हणाल तर नासाचा 1989 चा जो अभ्यास सगळीकडे फिरतो, तो हवाबंद पेट्यांमध्ये केलेला होता. 2019 मध्ये अशा प्रयोगांचा हिशेब नव्याने मांडला गेला. घरात जी हवा एरवीही खेळते तिची बरोबरी करायला चौरस मीटरला 10 पासून 1000 पर्यंत झाडं लागतील असं निघालं. खिडकी उघडा. झाडं छान दिसतात म्हणून ठेवा की, त्याला वेगळं कारण कशाला हवं?

डोंबिवली
झेड झेडच्या भोवती बारीक काळी चिलटं उडतात तीही जास्त पाण्यामुळेच का?

मुंबई, दादर
हो, त्यांची पिल्लावळ ओल्या मातीच्या वरच्या थरात वाढते. वरची दोन इंच माती खणखणीत वाळू द्या आणि पिवळा चिकट कागद खोचून ठेवा.

म्हापसा, गोवा
जून ते सप्टेंबर आमच्याकडे पाणी घालणं नव्हे, पाणी काढणं हे काम. ताटल्या सगळ्या उचलून ठेवतो. डेंग्यूचा डास असल्याच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठवडाभरात नवे डास तयार होतात. कुंड्यांची भोकं काडीने मोकळी करा, मुळांनी बुजतात. अडेनियम, म्हणजे ते जाड बुंध्याचं कोरड्या मुलखातलं झाड, पहिल्या पावसाआधी छपराखाली. मोगरा, जास्वंद, अबोली खुशाल भिजू द्या.

एडिसन, न्यू जर्सी
इथल्या मराठी घरांत कढीपत्त्याची कुंडी म्हणजे घरातलं लाडावलेलं मूल. भारतातून पानं आणायला मनाई आहे, कारण त्यावरची कीड लिंबूवर्गीय झाडांना रोग लावते. म्हणून आहे ते झाड जपायचं. रात्रीचं तापमान 10 अंशांकडे उतरायला लागलं की कुंडी आत, दक्षिणेच्या खिडकीत. हिवाळ्यात पानं गळून नुसत्या काड्या उरल्या तर घाबरून पाणी वाढवायचं नाही, उलट कमी करायचं. झाड झोपलेलं असतं. नखाने साल किंचित खरवडा, आत हिरवं दिसलं की मार्चमध्ये फुटणार. हीटरच्या कोरड्या हवेत पानांखाली लाल कोळी (रस शोषणारी बारीक कीड) होतो, म्हणून पानं असतील तर ती आठवड्याला ओल्या फडक्याने पुसायची.

सांगली
आठवडाभर गावाला जायचंय, शेजारी कुणी नाही. काय करावं?

ठाणे, पूर्वेची बाल्कनी
दादा, निघायच्या आदल्या रात्री सगळ्या कुंड्या भरपूर भिजवा आणि उन्हातून काढून एकमेकींना चिकटवून ठेवा. लहान कुंड्यांसाठी उंचावर पाण्याची बादली, तिच्यातून प्रत्येक कुंडीत जाड सुती दोरी, एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं मातीत चार बोटं खोल. दोरी आधी भिजवून घ्या. नायलॉनची चालत नाही. आणि दोन दिवस आधी घरी असतानाच लावून बघा, बादली किती उतरते ते कळेल. बादलीवर झाकण मात्र हवंच, डासांचं म्हापसेकरांनी सांगितलंय.