पिकअप ट्रकच्या जाळीदार अलॉय चाकांची स्वच्छता आणि संरक्षण

घाटवाटकरी (सिंहगड रस्ता):
नमस्कार. माझ्या पिकअप ट्रकला बारीक आऱ्यांची जाळीदार अलॉय चाके आहेत. दर्शनी भाग डायमंड-कट (लेथवर कापून चकाकता केलेला) असून त्यावर पारदर्शक लॅकर (वार्निशसारखा थर) आहे आणि आतल्या खाचा काळ्या रंगवलेल्या आहेत. पावसाळ्यात ताम्हिणी आणि वरंध घाटांतून वारंवार जाणे होते. परतल्यावर पुढच्या चाकांच्या खाचांत तपकिरी थर बसलेला असतो, जो शाम्पूने निघत नाही. मागच्या चाकांवर मात्र नुसता चिखल असतो. वॉशिंग सेंटरवाले ऍसिड मारण्याचा सल्ला देतात, पण माझे मन धजावत नाही. शिवाय सोसायटीत बोअरचे पाणी असल्याने धुतल्यावर पांढरे डाग उरतात. सुरक्षित पद्धत कोणती, आणि नंतर वॅक्स लावावे की सिरॅमिक कोटिंग (वाळून कडक होणारा संरक्षक थर) करून घ्यावे?

पावडरकोट_भोसरी:
आपले मन धजावत नाही, हे योग्यच आहे. अशा ऍसिडमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक, क्वचित हायड्रोफ्लोरिक आम्ल असते, आणि दुसरे तर हातमोज्यांशिवाय हाताळणाऱ्याच्या हाडांपर्यंत इजा करू शकते. ॲल्युमिनियम तीव्र आम्लात झिजते तसेच कॉस्टिकमध्येही (तीव्र अल्कलीत) झिजते, त्यामुळे ‘ऍसिड-फ्री’ म्हणून मिळणारा कडक डिग्रीझरही (तेलकटपणा काढणारा द्रव) निर्धोक समजू नये. डायमंड-कट चाकाच्या धारदार कडांवर लॅकर मुळातच पातळ बसते. तेथे बारीकशी चीर पडली, तरी ओल आणि क्षार आत शिरून लॅकरखाली अळीसारख्या पांढऱ्या रेषा पसरू लागतात. मग लॅकर काढून चाक लेथवर पुन्हा कापावे लागते आणि प्रत्येक वेळी थोडा धातू कमी होतो, म्हणून हा उपाय मोजक्याच वेळा करता येतो.

आपल्याकडे पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असावेत. डिस्कवरून उडणारे लोखंडाचे तापलेले कण लॅकरवर चिकटून तेथेच गंजतात, तर ड्रममधील भुकटी बरीचशी आतच राहते. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरल्यास हा थर निम्म्याने नाही, तरी जाणवण्याइतका कमी होतो.

रविवार_धुलाई:
पद्धत सांगतो. चाके पूर्ण थंड झाल्यावर, सावलीत आणि गाडीच्या इतर भागांच्या आधी धुवावीत. तापलेल्या डिस्कवर गार पाणी मारल्यास ती वाकण्याचा धोका असतो. आधी पाण्याने चिखल आणि कच वाहून जाऊ द्यावी, नाहीतर ब्रशखाली तीच कच लॅकरवर ओरखडे काढते. नंतर पीएच-न्यूट्रल (ना आम्ल, ना अल्कली) आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण सोडवणारा द्रव, फवारावा. त्यातील थायोग्लायकोलेट हे रसायन लोखंडाशी संयोग पावून जांभळे ओघळ दिसू लागतात. वास मात्र उग्र असतो. बाटलीवर दिलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबू नये आणि द्रव वाळू देऊ नये, म्हणून एका वेळी एकच चाक घ्यावे. आऱ्यांमागे लवचिक दांड्याचा मऊ ब्रश आणि नटांच्या खड्ड्यांसाठी रंगकामाचा बारीक ब्रश पुरतो. आतल्या बाजूला चिकटवलेल्या बॅलन्सिंगच्या वजनांवर जोर देऊ नये. ती निघाली तर स्टिअरिंग थरथरू लागते.

बोअरच्या पाण्याने धुतले तरी शेवटचा हात महापालिकेच्या नळाच्या पाण्याचा द्यावा आणि लगेच मायक्रोफायबर फडक्याने टिपून घ्यावे. बरेच जण आरओचे टाकाऊ पाणी वापरतात; त्यात क्षार आणखी दाट झालेले असल्याने डाग वाढतातच. सगळे झाल्यावर गाडी हळू चालवून ब्रेक दोन-तीनदा अलगद दाबावेत, म्हणजे डिस्क कोरड्या होतात.

नानापेठ_स्पेअर्स:
संरक्षणाबाबत माझे मत थोडे वेगळे पडेल. कार्नौबा वॅक्स (एका ताडाच्या पानांपासून मिळणारे मेण) साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे घाटात तापणाऱ्या चाकांवर ते टिकेल असा भरवसा मी देणार नाही. नव्या, निर्दोष चाकांना सिरॅमिक कोटिंग उत्तम; पण जाळीच्या प्रत्येक खाचेतील जादा द्रव वेळेत पुसला गेला नाही, तर डाग तसेच घट्ट बसतात. घरी करणाऱ्याने फवारायचे सिंथेटिक सीलंट (कृत्रिम संरक्षक थर देणारा द्रव) दर काही महिन्यांनी लावावे, हे मला अधिक व्यवहार्य वाटते. कोटिंग करायचेच असेल, तर टायर रोटेशनसाठी (चाकांच्या जागा आपसांत बदलण्यासाठी) चाके उतरतील तेव्हा आतली बाजूही स्वच्छ करून करावे आणि निदान २४ तास पाणी लागू देऊ नये. हबला टेकणारा पृष्ठभाग आणि नटांच्या बैठका कोऱ्याच ठेवाव्यात. नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळता येणाऱ्या पान्याने) गाडीच्या पुस्तिकेतील मापाप्रमाणे आवळून ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. लॅकरखाली पांढऱ्या रेषा आधीच आल्या असतील, तर त्यांवर कोटिंग करणे म्हणजे ओल आत कोंडणे होय. आधी दुरुस्ती, मग कोटिंग.

घाटवाटकरी:
सर्वांचे आभार. पांढऱ्या रेषा अद्याप दिसत नाहीत, त्यामुळे सीलंटने सुरुवात करतो. रस्त्याच्या डागडुजीतून उडालेले डांबराचे ठिपके कसे काढावेत?

रविवार_धुलाई:
टार रिमूव्हर फडक्यावर घेऊन ठिपक्यावर थोडा वेळ दाबून धरावा आणि मऊ झालेले डांबर उचलून घ्यावे. नखाने किंवा पात्याने खरवडू नये. द्रव टायरच्या रबरावर ओघळू देऊ नये आणि ती जागा लगेच शाम्पूने धुवावी. हे काम सीलंट लावण्याआधी उरकावे, कारण त्या द्रवाने सीलंटही निघून जाते.