मदत हवी आहे: कॅमेरूनच्या बातम्या कुठे वाचायच्या?

नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी कॅमेरूनचं राजकारण आणि तिथली पत्रकारिता यावर लेख लिहायला घेतलाय आणि पुरता अडकलोय. पॉल बिया १९८२ पासून राष्ट्राध्यक्ष आहेत, म्हणजे माझ्या जन्माआधीपासून! तेवढा भाग सोपा गेला.

गाडं अडलंय ते इंग्रजीभाषक भागापाशी. २०१७ मध्ये सरकारने तिथलं इंटरनेट सलग ९३ दिवस बंद ठेवलं. तिथल्या बुएआ शहरातले प्रोग्रॅमर लॅपटॉप काखोटीला मारून फ्रेंचभाषक भागाच्या हद्दीजवळच्या बोनाकोला जायचे आणि तिथे एका खोलीत बसून काम उरकायचे. लेख मला याच खोलीपासून सुरू करायचाय. पण त्या दिवसांतल्या स्थानिक बातम्या हाती लागत नाहीत. ‘कॅमेरून ट्रिब्यून’ सरकारी, त्यात काय येणार ते वेगळं सांगायला नको.

दुसरं प्रकरण मार्तिनेझ झोगो यांचं. अ‍ॅम्प्लिट्यूड एफएमवर भ्रष्टाचाराची लक्तरं काढणारा हा माणूस जानेवारी २०२३ मध्ये पळवला गेला आणि पाच दिवसांनी राजधानी याउंदेबाहेर त्याचा मृतदेह सापडला. गुप्तचर खात्यातलेच लोक लष्करी न्यायालयात आरोपी आहेत. या खटल्याच्या बातम्या बहुतेक फ्रेंचमध्ये, आणि माझं फ्रेंच ‘बोंजूर’पाशी संपतं.

कुणी दुआला किंवा याउंदेला राहिलंय का? तिथली कोणती खासगी वर्तमानपत्रं विश्वासाची? फ्रेंच जाणणाऱ्या कुणी दोन-तीन बातम्यांचा गोषवारा सांगितला तरी चालेल. आणि हो, ‘याउंदे’ की ‘यावुंडे’?