डॉक्टरांनी सांगितलेल्या माणसाकडून न घेता सीपॅप मशीन परस्पर घ्यावं का? (बाबांसाठी, नाशिक)

नमस्कार मंडळी,

बाबांसाठी (वय ६४, पोस्टातून निवृत्त, आईसोबत नाशिकला असतात, मी पुण्यात) सीपॅप मशीन घ्यायचं आहे, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं. जाणकारांचा सल्ला हवाय.

बाबा पहिल्यापासून घोरतात. गावाला गेलं की ओटीवर त्यांच्या शेजारी कुणी अंथरूण टाकत नाही, हा आमच्याकडचा जुना विनोद. पण अलीकडे आई सांगायला लागली की घोरता घोरता आवाज मध्येच बंद पडतो, छातीही हलत नाही, आणि मग घुसमटल्यासारखा एकदम मोठ्ठा श्वास घेतात. दिवसा पेपर उघडून बसले की मान खाली. स्कूटरवर सिग्नलला डोळा लागला असं परवा त्यांनीच सहज बोलता बोलता सांगितलं, तेव्हा मात्र सगळे हलले.

स्लीप स्टडी घरीच झाली. एक मुलगा संध्याकाळी येऊन बोटाला क्लिप, नाकाशी नळी आणि छातीला पट्टा लावून गेला, सकाळी सगळं काढून नेलं. रिपोर्टात एएचआय (तासाला श्वास किती वेळा अडला तो आकडा) ३८ आलाय, ऑक्सिजन सगळ्यात खाली ७६ पर्यंत गेलेला. डॉक्टर म्हणाले तीव्र स्वरूपाचा स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडण्याचा विकार) आहे, ऑटो सीपॅप लावा. इथवर ठीक.

पुढचं खटकतंय. चिठ्ठीवर फक्त "ऑटो सीपॅप" एवढंच लिहिलंय, प्रेशर वगैरे काही नाही. केबिनच्या बाहेर एक गृहस्थ उभेच होते, त्यांनी कार्ड दिलं आणि मशीन, मास्क सगळं मिळून ७९ हजार सांगितले. पक्कं बिल मागितलं तर "मग जीएसटी वेगळा". तेच मॉडेल ऑनलाइन ५४ हजारांना दिसतंय. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, बाहेरून घेतलंत तर सेटिंगचं माझ्याकडे विचारायला येऊ नका.

तर असं परस्पर मशीन घेणं शहाणपणाचं आहे का? सेटिंग घरी जमतं का? आणि बाबांची मिशी भरघोस आहे, तिच्यावर मास्क बसतो का? (ती काढण्याचा विषय घरात निघू शकत नाही, कृपया सुचवू नये.)

— गोदाकाठची

शंकासूर: २५ हजारांचा फरक कुठे जातो हे विचारायची गरज आहे का? ऑनलाइन घ्या, मोकळे व्हा. पंखा आहे तो, हवा फेकतो. रॉकेट नाही.

रात्रपाळी: मी स्वतः बरीच वर्षं मशीनवर झोपतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

परस्पर घेता येतं, अनेक जण घेतात. आपल्याकडे ऑनलाइन दुकानांत ही मशीन सर्रास मिळतात. काही विक्रेते चिठ्ठी मागतात, ती तुमच्याकडे आहेच. पण शंकासूर म्हणतात तितकं ते सोपं नाही, आणि अडचण मशीनची नसते, मास्कची असते. मशीन कुठल्याही बऱ्या कंपनीचं असलं तरी हवा फेकतंच. मास्क बसला नाही तर ती हवा गळून सरळ डोळ्यांत जाते, रात्री दोनला माणूस वैतागून सगळं उपटून फेकतो आणि मग ते ५४ हजार कपाटावर धूळ खातात. आमच्या ओळखीत अशी कपाटावरची मशीन किती आहेत ते विचारू नका.

म्हणून पैसे वाचवायचे तर मशीनमध्ये वाचवा, मास्क मात्र तोंडाला लावून बघून घ्या. प्रकार तीन: नाकावर बसणारा, नाकपुड्यांशी टेकणाऱ्या छोट्या उशांचा आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा. मिशीवाल्यांना बहुतेक वेळा तो उशांचा बरा पडतो, कारण त्याचा टेकू ओठावर येतच नाही. पण बाबा तोंड उघडं टाकून झोपत असतील तर हवा तोंडातून निघून जाते, मग नाक-तोंडवाला बघावा लागतो आणि तिथे मिशी आडवी येते. कवळी आहे का? रात्री कवळी काढली की गाल आत जातात आणि दिवसा छान बसलेला मास्क रात्री गळतो. माप घेताना जशी झोपताना असेल तशीच ठेवा, आणि आडवं होऊन, मशीन चालू करून बघा. खुर्चीत बसून घेतलेलं माप फसवं.

आधी भाड्याने घ्या असं माझं मत. पुण्या-मुंबईत डिपॉझिट घेऊन महिन्याच्या भाड्याने देणारे आहेत, नाशिकलाही चौकशी करा. बाबांना सोसतंय असं दिसलं की विकत.

फुप्फुसवाला: मी श्वसनविकार विभागात तंत्रज्ञ आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे खालचं सगळं तुमच्या डॉक्टरांशी (या नाहीतर दुसऱ्या) ताडून घ्या.

दुकान कुठलं निवडायचं हा तुमचा हक्क. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्ण हक्क सनदेत औषधं आणि तपासण्या कुठून घ्यायच्या हे रुग्णाने ठरवावं असं स्पष्ट आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयांना रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. तेव्हा बाहेरच्या कार्डवाल्याला नाही म्हणायला संकोच नको. पण दुकान बदलणं वेगळं आणि डॉक्टरच गाळणं वेगळं.

ऑटो सीपॅप ४ ते २० या टप्प्यात प्रेशर स्वतःच कमीजास्त करतं (एकक पाण्याचे सेंटिमीटर). घसा बंद पडून श्वास अडतो, म्हणजे ऑब्स्ट्रक्टिव्ह प्रकार, त्यासाठी ते चांगलं. पण मेंदूकडूनच श्वासाचा इशारा येत नाही असा सेंट्रल प्रकारही असतो, विशेषतः हृदय कमकुवत असलेल्यांत. तिथे नुसतं प्रेशर वाढवून काम होत नाही, कधी बिघडतंही. तिसरी गोष्ट, वजन खूप जास्त असेल किंवा सीओपीडी (श्वासनलिका आकसण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) असेल तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत असू शकतो. अशांना अनेकदा बायपॅप (श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारं मशीन) लागतं, सीपॅप नाही. हे न बघता मशीन मागवलं तर २५ हजार वाचवायला जाऊन ५४ हजार बुडाले.

म्हणून रिपोर्ट उघडा. नुसता ३८ हा आकडा बघू नका. एएचआय म्हणजे तासाला किती वेळा श्वास निदान दहा सेकंद थांबला किंवा उथळ झाला. ३० च्या वर तीव्र. खालच्या तक्त्यात त्यातले ऑब्स्ट्रक्टिव्ह किती, सेंट्रल किती, मिक्स्ड किती ते असतं. ते इथे लिहा. शिवाय हृदयाचा त्रास, सीओपीडी, वजन, आणि घरात कुणाला पेसमेकर आहे का, हेही.

गोदाकाठची: सगळ्यांचे आभार. आत्ता रिपोर्ट समोर घेऊन बसलेय. ऑब्स्ट्रक्टिव्ह आणि हायपॉप्निया (श्वास उथळ होणं) मिळून जवळजवळ सगळे, सेंट्रल अगदीच किरकोळ. बीपीची गोळी चालू आहे, हृदयाचं बाकी काही नाही, सीओपीडी नाही. वजन ८८, उंची साडेपाच फूट. कवळी नाही. तोंड उघडं टाकूनच झोपतात, म्हणजे मिशीचा प्रश्न आलाच. पेसमेकर बाबांना नाही, आईला आहे. तिचा काय संबंध?

फुप्फुसवाला: संबंध आहे, म्हणूनच "घरात कुणाला" असं विचारलं. बऱ्याच मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाचे क्लिप असतात, लावायला सोपे पडतात म्हणून दुकानदार तेच पुढे करतात. ते पेसमेकरच्या फार जवळ आले तर त्याच्या कामात अडथळा येऊ शकतो. मास्क बनवणाऱ्या फिलिप्सने २०२२ मध्ये आणि रेसमेडने २०२३ मध्ये याबद्दल इशारे दिले, आणि ते शेजारी झोपणाऱ्यालाही लागू आहेत. पेसमेकरपासून निदान सहा इंच अंतर हवं, पण झोपेत इंच कोण मोजणार? साध्या प्लॅस्टिकच्या हुकांचा मास्क मागा.

बाकी तुम्ही लिहिलंय त्यावरून ऑटो सीपॅप योग्य वाटतं. एकदा रक्तातलं बायकार्बोनेट तपासून घ्या, साधी तपासणी आहे. ते वाढलेलं नसेल तर कार्बन डायऑक्साइडची शंका बरीच मिटते. आणि डॉक्टरांकडून प्रेशरची खालची-वरची मर्यादा लिहून घ्या. हे नाही लिहून देत तर दुसऱ्या छातीच्या डॉक्टरांची तपासणी फी द्या, ती ७९ आणि ५४ मधल्या फरकाच्या पासंगालाही पुरणार नाही. मशीन ४ ते २० असं उघडं सोडू नका. ४ वर कित्येकांना हवाच पुरत नाही असं वाटतं आणि पहिल्याच रात्री ते मास्क काढून टाकतात.

एडिसनकर: इथे अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मशीन मिळत नाही, ऑनलाइन दुकानंही मागतात. शिवाय विमा कंपनी पाळत ठेवते. मेडिकेअरचा (इथला ज्येष्ठांचा सरकारी विमा) नियम असा की पहिल्या तीन महिन्यांत सलग ३० दिवसांपैकी ७० टक्के रात्री निदान चार-चार तास वापरलं पाहिजे, मशीन मोडेमवरून रोज चुगली करतं. सांगायचा मुद्दा: कुणी "अमेरिकेहून भाऊ आणून देईल" म्हणालं तर आनंदाने नाही म्हणा. ११० वर चालतं आणि २३० वरही, पिन बदलली की झालं, पण वॉरंटी भारतात कुणी मानत नाही. माझ्या मेव्हण्याचं मशीन दुरुस्तीसाठी परत इकडे पाठवावं लागलं होतं.

पेन्शनर: पोस्टातून निवृत्त म्हणताय, मग सीजीएचएस (केंद्र सरकारची आरोग्य योजना) कार्ड आहे का? असेल तर मशीनची परतफेड मिळू शकते, पण क्रम महत्त्वाचा: सरकारी तज्ज्ञाची शिफारस, मग मंजुरी, मग खरेदी. आधी घेऊन मागाहून बिल लावलंत तर फाईल इकडून तिकडे फिरत राहील. घरी केलेली स्टडी चालते की रुग्णालयात रात्रभर राहून केलेली लागते, हे वेलनेस सेंटरला (सीजीएचएसचा दवाखाना) आधीच विचारा. खासगी मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका. घरी न्यायच्या मशीनचे पैसे तिथे बहुधा मिळत नाहीत.

गोदाकाठची: कार्ड आहे! हे डोक्यातच नव्हतं. म्हणजे मंजुरी येईपर्यंत भाड्याचं मशीन, असंच करावं लागेल. एकाने इथल्याच जाहिरातीतून जुनं ड्रीमस्टेशन (फिलिप्सचं सीपॅप) १५ हजारांत देऊ केलंय, तोवर तेच घेऊ का?

रात्रपाळी: नको! पहिल्या पिढीचं ड्रीमस्टेशन फिलिप्सने जून २०२१ मध्ये परत मागवलं होतं. आवाज दाबायला आत जो फोम असतो, तो झिजून त्याचे कण आणि वायू श्वासात जाण्याची भीती होती. फोम बदललेला आहे याचा कागद नसेल तर फुकटही घेऊ नका. जुनं दुसरं कुठलं घेतलंत तर मेनूमध्ये एकूण वापराचे तास बघा आणि मास्क, नळी, फिल्टर मात्र नवं.

भाड्याच्या मशीनमध्ये एसडी कार्ड आहे ना बघा. ऑस्कर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, कार्ड कॉम्प्युटरला लावलं की रात्रभराचा आलेख दिसतो: किती गळती झाली, श्वास किती वेळा अडला, प्रेशर कुठवर गेलं. तुम्ही पुण्यात बसून आईने पाठवलेली फाईल बघू शकता. तोच आलेख डॉक्टरांना दाखवा. आकडे समोर असले की सेटिंगबद्दल बोलायला तेही नाही म्हणत नाहीत. मात्र आलेख बघून स्वतः प्रेशर फिरवत बसू नका, इथले काही उत्साही लोक तेच शिकवतील.

शंकासूर: माझ्याकडे बघून म्हणताय का?

रात्रपाळी: तुम्ही पंखा म्हणालात म्हणून.

गोदाकाठची: दोन शेवटचे प्रश्न. बाबांना धास्ती आहे की रात्री लाईट गेली तर मास्कमध्ये गुदमरायला होईल. आणि मशीनला हवा ओलसर करायला जी पाण्याची टाकी असते, तिच्यात कुठलं पाणी घालायचं? आई म्हणते इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेला डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घरात पडलाच आहे.

फुप्फुसवाला: बॅटरीचं पाणी अजिबात नको, ते श्वासासाठी बनवलेलं नसतं. मेडिकलमधून डिस्टिल्ड वॉटर आणा. उरलेलं रोज सकाळी ओतून टाकी पुसून वाळवायची, कालच्या पाण्यात आजचं मिसळायचं नाही. नाशिकच्या थंडीत टाकी लागेलच, नाहीतर नाक कोरडं पडून रक्त येतं.

लाईटचं: नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कला झडप असते, हवा थांबली की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. बाबांना दिवसा मास्क लावून द्या आणि त्यांच्यासमोर मशीनचं बटण बंद करा. एकदा स्वतः अनुभवलं की भीती जाईल. घरी इन्व्हर्टर आहेच, तो साइन वेव्हचा (घरच्या लाईटसारखीच वीज देणारा) आहे का तेवढं बघा. पाणी तापवायलाच सगळ्यात जास्त वीज लागते, त्यामुळे लाईट गेल्यावर टाकीचं तापवणं बंद ठेवलं तर बॅटरी कितीतरी जास्त टिकते.

गोदाकाठची: इन्व्हर्टर साइन वेव्हचाच आहे, आईने खोक्यावर वाचून सांगितलं. शनिवारी नाशिकला जातेय. आधी वेलनेस सेंटर, मग भाड्याच्या मशीनवाल्याकडे बाबांना मिशीसकट घेऊन. नाशिकमध्ये मास्क लावून बघू देणारं दुकान कुणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.