आईचा खुबा मोडलाय, ऑपरेशनला ५ दिवस थांबा म्हणतायत. तातडीने मदत हवी

मुग्धा_के
आई काल पहाटे बाथरूममध्ये पडली. खुबा मोडलाय. पाय बाहेर वळलाय, आखूड दिसतोय. हॉस्पिटलात पायाला वजन बांधून ठेवलंय आणि म्हणतायत ५ दिवसांनी ऑपरेशन करू. का, तर "रिस्क आहे". नेटवर सगळीकडे लवकर करा असंच आहे. हे बरोबर चाललंय का? दुसरीकडे हलवू का? लवकर सांगा, सकाळी ९ ला राउंड आहे.

प्राजक्त
वय? बीपी, शुगर? गोळ्या कुठल्या? नक्की हाड कुठलं? थांबायचं कारण विचारलंत का?

मुग्धा_के
वय ७६. बीपी आहे, गोळी चालू आहे. हाड खुब्याचंच, लिहिलंय की वर.

रानवारा
घाई करू नका. आमच्या मामींना हाडवैद्याकडे नेलं, लेप आणि बांबूच्या पट्ट्या, दीड महिन्यात स्वयंपाक करत होत्या. एक रुपयाचं ऑपरेशन नाही.

प्राजक्त
मामींचं काय मोडलं होतं?

रानवारा
मनगट. पण हाड ते हाडच.

रात्रपाळी
मनगट गळ्यात अडकवून माणूस घरभर फिरतो. खुबा मोडलेला कुशीवरसुद्धा वळत नाही. मग पाठीला जखमा, छातीत कफ, पायात रक्ताच्या गाठी. म्हातारी माणसं बऱ्याचदा त्यानं दगावतात. म्हणून घाई.
मुग्धाताई, ५ दिवस ऐकून एक संशय येतोय. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?

मुग्धा_के
हो, क्लोपिडोग्रेल आहे. २०१८ ला स्टेंट टाकलाय. पण ती हार्टची गोळी, तिचा हाडाशी काय संबंध?

प्राजक्त
हे पहिल्या ओळीत हवं होतं हो ताई.

रात्रपाळी
सगळं घोडं तिथंच अडलंय. ही गोळी पोटात असताना कमरेत भुलीचं इंजेक्शन दिलं तर मणक्यात रक्त साचायची भीती, म्हणून ती ५ ते ७ दिवस बंद ठेवून मग कमरेत टोचतात. पण पूर्ण भूल द्यायची तर ही अडचण येत नाही. रक्तस्राव थोडा जास्त होऊ शकतो, रक्त तयार ठेवावं लागतं. म्हणजे प्रश्न हाडाच्या डॉक्टरांना नाही, भूलतज्ज्ञांना विचारा: "पूर्ण भूल देऊन उद्या-परवा घेता येईल का?" गोळी चालू-बंद मात्र हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच.

सुगरण_आजी
पूर्ण भूल नको गं बाई. शेजारचे अण्णा उठल्यावर आठवडाभर बायकोला ओळखत नव्हते.

रात्रपाळी
आजी, भ्रम होतो काहींना, खोटं नाही. पण अमेरिका-कॅनडात १६०० जणांवर नेमकं हेच तपासलं, रीगेन नावाचा अभ्यास, २०२१. सगळे खुबा मोडलेले. ६० दिवसांत मृत्यू किंवा चालता न येणं, कमरेतली भूल १८.५ टक्के, पूर्ण भूल १८ टक्के. भ्रमातही ठळक फरक नाही.

शंकासूर
अर्धंच सांगताय. चिठ्ठ्या टाकून भूल ठरवली, म्हणजे ज्यांना कमरेत टोचताच येत नाही ते त्या अभ्यासात असणारच नाहीत. या काकू तशा न टोचता येणाऱ्यांतच मोडतात.

रात्रपाळी
मान्य. म्हणूनच 'विचारा' म्हटलं, 'करा' नाही.

हिशेबी
एवढी धावपळ कशाला? हिप अटॅक अभ्यास वाचा, लॅन्सेट २०२०. १७ देश, ६९ हॉस्पिटलं, २९७० पेशंट. लवकर केलं तरी ९० दिवसांत ९ टक्के गेले, उशिरा केलं तरी १० टक्के. फरक नाही! मग ५ दिवस थांबले तर काय बिघडलं?

रात्रपाळी
त्यातला 'उशीर' किती होता, ते बघितलंत? लवकर म्हणजे साधारण ६ तास, नेहमीच्या वेळेला म्हणजे साधारण २४ तास. ५ दिवसांची तुलना तिथे नाहीच. शिवाय लवकरच्या गटात भ्रम कमी झाला आणि माणसं आधी उभी राहिली.

हिशेबी
मी मथळ्यापुरतं वाचलं होतं. पण खर्चाचं कोणी बोलत नाही. मेडिक्लेममध्ये इम्प्लांटला मर्यादा असते...

नागमोडी
खुब्याचा अर्धा कृत्रिम सांधा (नुसता गोळा) बसवू देऊ नका, पूर्णच (गोळा आणि वाटी दोन्ही) सांगा. माझ्या सासऱ्यांचा पूर्ण आहे, जिने चढतात.

शंकासूर
हेल्थ नावाचा अभ्यास २०१९ चा. १४९५ जण. २ वर्षांत पुन्हा ऑपरेशन पूर्णवाल्यांत ७.९ टक्के, अर्धवाल्यांत ८.३. सांधा निखळणं उलट पूर्णवाल्यांत जास्त.

प्राजक्त
अहो पण सांधा बदलायचाय असं म्हटलंय कुणी? ताई, एक्स-रेच्या रिपोर्टवर काय लिहिलंय ते जसंच्या तसं टाका.

मुग्धा_के
'इंटरट्रोकँटेरिक'.

रात्रपाळी
मग अर्धा-पूर्ण विसरा. तो वाद मांडीच्या हाडाची मान, म्हणजे गोळ्याखालचा निमुळता भाग, मोडली तर. हे मानेच्या खाली आहे, यात बहुधा आतून रॉड आणि स्क्रू घालतात.

नागमोडी
तरी पुढेमागे लागला तर पूर्णच सांगा.

सुगरण_आजी
बाथरूमला गुळगुळीत फरशी होती का? आम्ही कमोडशेजारी दांडी बसवली. टॉवेलची दांडी धरून उठू नये, ती निघून हातात येते.

मुग्धा_के
राउंड झाला. भूलतज्ज्ञ बाईंना तसंच विचारलं. दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत, फाइल चाळली, मग म्हणाल्या एको (हृदयाची सोनोग्राफी) बघून, हार्टच्या डॉक्टरांशी बोलून सांगते. आत्ता फोन आला, उद्या सकाळी ८ ला घेतायत, पूर्ण भूल देऊन. रात्रपाळी, तुमचे पाय धरायला हवेत. आणखी एक, रक्ताच्या २ पिशव्या आजच आणून ठेवा म्हणालेत. इथलं कुणी देऊ शकेल का? अर्जंट आहे.

प्राजक्त
ताई, रक्तगट कुठला? आणि गाव?